काठोकाठ चहा

सरळगाव, ता. मुरबाड
१२ जानेवारी २०२५

चि. महिपत,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाय. खिशात फोन असताना बाय पत्र कशाला लिहिते, असं मीनाला विचारशील म्हणून आधीच सांगते. फोनवर मी काही बोलले की तू "हां हां" करतोस आणि मधेच "बाय, आवाज तुटतोय" म्हणून ठेवून देतोस. पत्राला हां हां करता येत नाय.

मागच्या रविवारी खर्डीला आले होते तेव्हा मळ्यात जे बघितलं ते डोळ्यांपुढून जात नाय. भेंडीवर मारायचं औषध तू ड्रमात ओतलंस, बाही वर केलीस आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळलंस. मी ओरडले तर वर हसलास, "हाताला गाठ कळते गो, काठीला कळत नाय." महिपत, हे बोलणं बाबांचं. हातही तसाच घातलास, डावा हात कमरेवर ठेवून. क्षणभर मला बाबाच उभे वाटले.

परवा मुरबाडला आम्हा अंगणवाडी सेविकांचं प्रशिक्षण होतं. मेंदू-नसांचे एक डॉक्टर आले होते, कंपवातावर बोलले. त्याला ते पार्किन्सन म्हणतात. मी मधेच हात वर केला. विचारलं, "माझा बाप नऊ वर्षं थरथरून गेला. माझ्या भावाला होणार का?" सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, पण मला कसली लाज? ते म्हणाले, बापाला झाला म्हणून मुलाला होतोच असं नाय, धोका थोडा जास्त असतो इतकंच. आणि तो थोडा कमी करायला माणसाच्या हातात काही गोष्टी आहेत. छातीठोक कोणी सांगू शकत नाय, पण ज्यांनी वर्षानुवर्षं अंग हलवलं, घाम येईपर्यंत चालले, नाचले, सायकल मारली, त्यांच्यात हा रोग कमी दिसलाय. फवारणीच्या औषधाशी ज्यांची रोजची सलगी, त्यांच्यात जास्त. भाजीपाला, मासळी, शेंगदाणे खावेत, डोक्याला मार लागू देऊ नये. चहा-कॉफी पिणाऱ्यांतही कमी दिसतो म्हणाले, का ते अजून पुरतं कळलेलं नाय.

तू कंपनीतून सुटलास तेव्हापासून मोटारसायकलवरून खाली उतरत नायस. दुकानही घरापासून दीडशे पावलांवर, तिथंही गाडी! हेल्मेट मात्र खुंटीला. तेव्हा एवढं ऐक: हात घालू नकोस आणि रोज चालत जा. उत्तर पाठव, पोस्टमनला पण जरा काम होईल.

तुझी,
गिरजाबाय


खर्डी, ता. शहापूर
२२ जानेवारी

ती. गिरजाबाय,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने गावभर विचारलं, "महिपतला कोर्टाची नोटीस हाय काय?" अगदीच काय चुकला नाय.

तुझ्या डॉक्टरचं एक मला मनापासून पटलं. चहा. ताबडतोब अमलात आणलंय. आधी तीन कप व्हायचे, आता पाच. मीना कुरकुरली तर तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. सरकारी प्रशिक्षणातलं हाय म्हटल्यावर गप बसली.

बाकीचं सांगू? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं हाय. तू अंगणवाडीत खिचडी ढवळतेस पळीनं, मी औषध ढवळतो हातानं. पावडर पाण्यात पडली की गाठी धरते. एक गाठ राहिली की नळीचं तोंड तुंबतं, आख्खा दिवस गेला. काठी फिरवत बसलो तर काय कळणार? बाबांनी मला नऊ-दहा वर्षांचा असताना शिकवलंय हे. शेताचं जे काय येतं ते त्यांनी शिकवलेलंच येतं. त्यातलं एकेक तू खोडायला लागलीस तर माझ्यापाशी राहील काय?

आणि चालायचं म्हणशील, तर तीस वर्षं वाशिंदला कंपनीत उभा राहिलोय. पायांनी पेन्शन घेतली आसं समज.

वैष्णवीचा नर्सिंगचा अभ्यास कसा चाललाय? नातीचं तरी डोकं खाऊ नको.

तुझा,
महिपत


सरळगाव
५ फेब्रुवारी

चि. महिपत,

पाच कप! पाचही साखर ओतून घेत असशील. दाखवलं एक आणि उचललं दुसरं, लहानपणापासून तुझं हेच. पालथ्या घड्यावर पाणी ओततेय हे मला कळतंय, पण मी ओतत राहणार. मोठी बहीण आहे, मला दुसरा उद्योग नाय.

वैष्णवी इथंच आहे, कॉलेजला सुट्टी म्हणून. ती म्हणते, मामाआजोबांना सांग, गाठी मोडायला आधी बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवायची, काठीनं, मग ड्रमात ओतायची. रबरी हातमोजे कोपरापर्यंतचे मिळतात. तोंडाला फडकं, अंगात लांब बाही, आणि घरी आल्यावर पहिली अंघोळ, मग चहा. मीना जेवणात चिमूटभर भाजी वाढते आणि तू भातावर भात घेतोस हेही मी बघून आलेय.

आणि रे, ढोल कुठं आहे? गौरीच्या नाचात अख्ख्या खर्डीत तुझ्यासारखा ढोल कोणाचा नव्हता. दोन-दोन तास वाजवत नाचायचास, शर्ट पिळून पाणी निघायचं. बाबा गेले त्या वर्षी माळ्यावर टांगलास तो चौदा वर्षं तिथंच. डॉक्टर नाचाचं बोलले तेव्हा मला सगळ्यात आधी तोच आठवला. काढ तो खाली.

चेष्टा पुरे झाली. तू सत्तावन्नचा झालास. बाबांचा हात हलायला लागला तेव्हा ते अठ्ठावन्नचे होते. तुझ्यापाशी वेळ आहे आणि तो तू पाच कप चहात घालवतोयस, म्हणून जीव तुटतो.

गिरजाबाय


खर्डी
१४ फेब्रुवारी

गिरजाबाय,

बाबा अठ्ठावन्नचे होते, ते मला ठाव हाय. तू सासरी होतीस, सणावाराला यायचीस. त्यांना नऊ वर्षं घास मी भरवलाय, मीनानं आंघोळ घातलीय. मला वय मोजून दाखवू नको.

ढोलाचं नाव काढू नको. त्या रोगाचं तर मुळीच नको. जे कपाळावर लिवलंय ते तुझ्या हातमोज्यांनी पुसलं जाणार नाय. दुसरं काय लिहायचं आसेल तर लिही, नायतर राहू दे.

महिपत


खर्डी
२ एप्रिल

वन्सं, नमस्कार.

मी मीना. मी कधी पत्र लिवलं नाय, अक्षर बघून हसू नका. नातीच्या, अक्षदेच्या वहीचं पान फाडलंय.

तुमची मागनं दोन पत्रं आली. यांनी खोलली, वाचली, पेटीत ठेवली. जबाब लिवत नाय. संदेश कल्याणवरनं कामाहून आला की विचारतो, "बाबा, आतेला लिवलं का?" तर उठून जातात.

तुमाला वाटत आसेल ते हेकट हायत. मलापण तसंच वाटायचं. पण एक सांगते, यांना कळू देऊ नका. तुमचं पत्र यायच्या आधीपासनंच, वरीस झालं आसेल, रोज सकाळी हे चहा कपात घेत नायत. काचेचा ग्लास लागतो आन् तो काठोकाठ भरून लागतो. मी म्हणायची, सांडेल ना, एवढा कशाला? तर ओटीवर जाऊन बसतात, ग्लास उजव्या हातात आसा सरळ पुढं धरतात आन् त्याच्याकडं बघत ऱ्हातात. चहा निवून साय धरते. मग पितात. मला वाटायचं, याद करत आसतील कुणाची. तुमच्या पत्रानं कळलं. हात हलतो का ते बघतात, वन्सं. चहा सांडतो का ते बघतात.

माणूस घाबरलाय. रागावू नका. तुमी मोठ्या आहात, काय तरी करा.

मीना


सरळगाव
१२ एप्रिल

महिपत, बाळा,

मी तुला वय मोजून दाखवलं, ते चुकलं. मला क्षमा कर. मला वाटलं भीती घातली की ऐकशील. तू आधीच किती भ्यायलायस ते मला समजलं नाय. मीनाला बोलू नकोस, तिनं सांगितलं ते बरं केलं.

आता माझं ऐक. हे मी कोणापाशी बोललेले नाय. तुझ्या दाजींनाही ते जिवंत असताना सांगितलं नाय.

तुला तो पत्र्याचा डबा आठवतो का? पिवळा, वर लाल पट्टा, बारीक तोंडाचा. बाबा शेतावर पाणी न्यायचे तो. तू आठ वर्षांचा असशील, मी बारा. तो औषधाचा डबा होता. रिकामा झाला तेव्हा आई म्हणाली फेकून दे. मी म्हटलं, केवढा छान डबा, पाणी सांडत नाय, झाकण घट्ट बसतं. मी तो ओढ्यावर नेला, राखेनं घासला, तीनदा घासला, वास घेऊन बघितला. मग बाबांना दिला. ते किती खूश झाले! "माझी गिरजा हुशार," असं चारचौघांत म्हणाले. त्यानंतर पाच-सहा वर्षं, माझं लग्न होईपर्यंत, रोज सकाळी तो डबा मी भरून दिला. माझ्या हातानं, रे.

मुरबाडला डॉक्टर म्हणाले, "औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी कधीही वापरू नका, कितीही धुतले तरी." बाबांचा हात हलायला लागला तेव्हापासून मनात जी शंका होती, तीच ही. बाकीच्या बाया जेवायला गेल्या, मी खुर्चीवर बसून राहिले. शेवटी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, माझ्या डब्यानं झालं का? ते बिचारे भले होते. म्हणाले, "ताई, एकाच गोष्टीनं झालं असं जगात कोणीही सांगू शकणार नाही. तुम्ही लहान होता. आता जे माहीत झालंय ते पुढच्यांना सांगा."

पुढचा म्हणजे माझ्यासाठी तू. म्हणून तुझा हात त्या ड्रमात बघून मी ओरडले आणि म्हणून पत्रांवर पत्रं लिहिली. तुला शहाणपण शिकवायची हौस नव्हती. मी एकाला भरून दिलं, दुसऱ्याला तरी माझ्या डोळ्यांदेखत हात घालू द्यायचा नाय, एवढंच.

लिहावंसं वाटलं तर लिही. नाय लिहिलंस तरी चालेल. पण सकाळचा चहा गरम असताना पी.

तुझी,
बाय


खर्डी
३० एप्रिल

ती. बाय,

पत्र चारदा वाचलं. मीनाला वाचून दाखवायला घेतलं पण डब्यापाशी थांबलो. मग तिनंच हातातनं घेतलं आन् जोडून जोडून वाचलं.

पयलं म्हणजे, तू येडी हायस. बारा वर्षांच्या पोरीनं डबा घासला म्हणून बाप गेला होय? त्याच डब्यातलं मीपण प्यालोय, तूपण. बाबा स्वतः चाळीस वरसं हात घालत होते, गावातले सगळे घालत होते. कोणालाच ठाव नव्हतं. पुन्हा आसं बोललीस तर सरळगावला येऊन भांडीन. इतकी वरसं हे उरावर घेऊन फिरलीस आन् मला म्हणतेस हेकट!

आता माझं. बाबांचं दुखणं पयलं कोणाच्या ध्यानात आलं ठाव हाय? माझ्या. ओटीवर चहा पीत होते. कप बशीवर टकटक टकटक वाजायला लागला. मी हसलो गो. म्हटलं, "बाबा, ढोल वाजवताय काय?" तेपण हसले आन् कप खाली ठेवला. मग त्या दिसापासनं माझ्यासमोर चहा प्यायचे नाय.

म्हणून तुझी पत्रं झोंबायची. तू लिवायचीस हे कर, ते कर, आन् मला ऐकू यायचं, आता तुझी पाळी. जो तो वारशात शेत मागतो, माझ्या वाट्याला हे पण येणार आसं मी धरूनच चाललो होतो. मग हातमोजे कशाला आन् चालायचं कशाला? तू पयल्याच पत्रात लिवलं होतंस, होतोच आसं नाय. ते मी वाचलंच नाय नीट. चहाचंच वाचलं.

ढोल का टांगला तेपण सांगतो. शेवटच्या वर्षांत बाबांचे पाय उंबरठ्यावर चिकटायचे. पुढं टाकताच यायचा नाय, नुसते थरथरत उभे. ओढलं तर पडायचे. एकदा मी सहज दाराच्या फळीवर बोटांनी गौरीचा ठेका धरला. धिन्-ताक् वाजलं आन् बाबांनी पाय उचलला, बाय. टाकला उंबरठ्याच्या बाहेर. मग रोज तसंच. मी फळी वाजवायचा, ते घराबाहेर यायचे. ते गेल्यावर ढोलाला हात लावला की उंबरठा दिसायचा.

वैष्णवीला विचार, शहापूरला डॉक्टरकडं माझ्याबरोबर येईल काय. एकटा मी जाणार नाय.

महिपत


खर्डी
२८ मे

ती. बाय,

वैष्णवीनं तुला फोनवर सांगितलंच आसेल, पण मी लिवतो, तुझा हिशेबच पत्राचा.

डॉक्टरनं मला शाळेतल्या पोरासारखं नाचवलं. अंगठ्याला बोट भराभर टेकवा, मूठ उघडा-मिटा, दारापर्यंत चाला, वळा. झोपेत हातपाय झाडता का, शौचाला साफ होतं का? वास येतो का म्हणाला. मी म्हटलं, साहेब, मीनानं सुकट भाजली की मला खर्डी स्टेशनावर वास येतो. मग एक वाक्य लिवायला लावलं, अक्षर बारीक होत जातं का बघायला. मी लिवलं, "गिरजाबाय माझं डोकं खाते." डॉक्टर हसला. अक्षर चांगलं मोठं आलं, मनापासनं लिवलं होतं ना.

म्हणाला, आज काय लक्षण नाय. मी विचारलं, आन् उद्या? तर म्हणाला, "उद्याचं मला माझंही माहीत नाही. हमी कोणी देणार नाही. पण चालणं-नाचणं, औषधापासून लांब राहणं, भाजी खाणं, यांनी धोका कमी होऊ शकतो, आणि बाकीचं अंगही बरं राहतं. यात तुमचं नुकसान काय?" मी विचार केला, खरंच, काय नुकसान हाय? भ्यायचंपण काय फुकट नव्हतं, चहा रोज निवत होता.

बाहेर आलो आन् बाकावर बसून रडलो. वैष्णवीनं पाठीवर हात ठेवला. चांगली नर्स होईल पोरगी.

येताना हातमोजे घेतले, कोपरापर्यंतचे. भेंडीचा हंगाम सरला, पण शेवटचं एक फवारायचं होतं. आधी बादलीत कालवलं, काठीनं. सांगू काय? गाठी काठीला पण कळतात. हातापेक्षा जरा कमी, पण कळतात. बाबांना कोणी दाखवलंच नाय, नायतर तेपण शिकले आसते. पुढल्या वर्षी निम्म्या मळ्याला निंबोळीचा अर्क मारून बघणार हाय.

चहा तीनवर आणलाय, साखर अर्धी. ग्लास आजून भरून घेतो, खोटं कशाला बोलू? सवय सुटत नाय.

महिपत


सरळगाव
१० जून

चि. महिपत,

तुझं पत्र देव्हाऱ्यापुढं ठेवलं आणि मग पोटभर जेवले. कित्येक दिवसांनी अन्न गोड लागलं. "गिरजाबाय माझं डोकं खाते" हे डॉक्टरांच्या कागदावर कायमचं राहिलं ना? राहू दे, अंगणवाडीत बक्षीस मिळालं नाय, हे मिळालं.

डब्याचं तू लिहिलंस ते वाचून इतकी हलकी झालेय. पूर्ण गेलं असं नाय म्हणणार, पण आता ते मी एकटीनं वाहत नाय. गेल्या आठवड्यात गावातल्या आयांना बसवलं आणि सगळं सांगितलं, माझ्या डब्यासकट. दुसऱ्या दिवशी सात घरांतून औषधाचे रिकामे डबे निघाले. दोघींकडे त्यात डाळ होती! मी भोकं पाडली सगळ्या डब्यांना, हातमोजे घालून.

मीही चालते आता, रोज सकाळी सरळगावच्या नाक्यापर्यंत जाऊन येते. मी पण त्याच बापाची लेक आहे, फक्त तुझ्याच मागे लागून कसं चालेल?

एकच मागते आणि मग तोंड मिटते. ढोल. तुला उंबरठ्यावर चिकटलेले बाबा दिसतात. मला तुझ्या पत्रात उंबरठा ओलांडलेले बाबा दिसले. त्या ठेक्यानं त्यांना बाहेर आणलं, रे. तो टांगून ठेवायचा नसतो.

बाय


खर्डी
४ सप्टेंबर

ती. बाय,

तुझ्या घरची गौर म्हणून तुला येता आलं नाय, तर मीच सगळं सांगतो.

ढोल श्रावणात काढला. संदेशनं शिडी धरली. एका बाजूचं कातडं उंदरांनी खाल्लं होतं, नाचातल्या भगीरथनं नवं मढवून दिलं. म्हणाला, "चौदा वर्षं आमी पत्र्याच्या डब्यासारखा ढोल ऐकला रे महिपत." सरावाला बसलो तर पयल्या दिवशी दहा मिनटांत धाप लागली, मान खाली घालून घरी आलो. पण रोज गेलो. चालतच, तुझी शपथ. गाडी आता संदेश नेतो, स्टेशनापर्यंत, हेल्मेट घालून. मी आडून बसलो तेव्हा घातलं त्यानं.

मंगळवारी गौरी निघाल्या. बाया फेर धरून, आमी पुढं. आपल्या दारातनं निघताना मी उंबरठ्यावर उभा राहिलो. पाय चिकटल्यासारखा झाला, खरंच सांगतो. मागं अक्षदा होती, नऊ वर्षांची चिमुरडी. तिला काय ठाव? ती मागनं फळी वाजवायला लागली, धिन्-ताक्, धिन्-ताक्. मी तिला कधी शिकवलं नव्हतं, सरावाला बसून ऐकून शिकली होती. माझे डोळे भरून आले आन् पाय आपोआप बाहेर पडला. मग जो नाचलो, बाय! ओढ्यापर्यंत थांबलो नाय. शर्ट पिळला तर धार लागली. बाबांसाठी एक फेरा जास्तीचा घेतला, एक तुझ्यासाठी.

काल सकाळी आख्खं अंग ठणकत होतं. मीनानं चहा आणून दिला, त्याच ग्लासात. अक्षदा मांडीला खेटून बसली, "आजोबा, तो तिसरा ठेका शिकवा," म्हणून हट्ट धरून. डाव्या हातानं तिच्या पाठीवर वाजवून दाखवत होतो, ती चुकत होती, आमी दोघं हसत होतो. मीना ग्लास न्यायला आली आन् तशीच उभी राहिली. मी म्हटलं, काय झालं गो? तिनं नुसता ग्लास दाखवला.

रिकामा होता. चहा गरम असतानाच पिऊन टाकला होता, आन् हाताकडं बघायचं राहूनच गेलं होतं.

तुझा,
महिपत